एकेचाळीस

चोडणच्या धक्क्यापाशी, बर्फाच्या गोदामावर
कुळ संघाची एक खोली, एक पंखा, एक संगणक.
संगणकावर फायली सहा हजार दोनशे आठ.
क्लाउडमध्ये सहा हजार एकशे सदुसष्ट.
आणि पडद्याच्या कोपऱ्यात, वर्षभर, हिरवी खूण:
सगळे सुरक्षित आहे.

मी तिच्यावर विश्वास ठेवला
जसा ठेवतात बांधावर, वरून चालताना.
बांध वरून कोरडाच असतो.
खेकड्याचे बीळ पाण्याच्या बाजूने सुरू होते.

दुपारची फेरीबोट रायबंदरकडे निघून गेली
तेव्हा दार लोटून बसले शोधायला.

अकरा नावांपुढे एकेक रिकामी जागा निघाली,
कुणाच्या अंगठ्याने चुकून दाबलेली.
डोळ्याला दिसत नाही, यंत्राला खपत नाही.
तांदूळ निवडावेत तशी बसले निवडत,
फक्त खडा हवेचा.

नऊ फार खोल होत्या.
खाजन, त्यात पूर, त्यात फोटो, त्यात नवे,
त्यात खरेच नवे, त्यात आता हे शेवटचे.
पत्ता इतका लांब
की पोस्टमनने अर्ध्यातून परत फिरावे.
(हे मीच केलेले. त्या आठवड्यात
रोज वाटायचे, आता हे शेवटचे.)

दोन व्हिडिओ: बांध फुटला ती रात्र.
बॅटरीचा उजेड, कुणाचे तरी "धर, धर",
मग चाळीस मिनिटे नुसते पाणी.
मर्यादेपेक्षा मोठे, अशी यंत्राची नोंद,
आणि मला ती खोडून काढवेना.

सतरांचा माग लागेपर्यंत दिवे लागले.
वगळायच्या यादीत माझ्याच हातचा एक शब्द: तात्पुरते.
त्या नावाचे फोल्डर नेऊ नये, जागा वाचेल,
असे मीच एकदा शहाणपणाने सांगून ठेवलेले.
आत तात्पुरत्या बांधाची बिले:
चिखल, बांबू, पेंढा, वीस जणांची मजुरी, चहा.
तो तात्पुरता बांध सहा वर्षे उभा आहे.
पक्क्याचा प्रस्ताव मात्र क्लाउडमध्ये सुखरूप,
तीन प्रतींत.

उरल्या दोन.
एक, मानशीची वही.
दार केव्हा पडले, केव्हा उचलले, पाणी किती खारे,
रोजचे रोज, कायतानच्या दोन बोटांनी टंकलेले.
एक एप्रिलपासून एकदाही वर गेली नाही.
कारण: फाईल वापरात आहे.
जी सदा उघडी, तिच्यापाशी यंत्र येते,
भिडस्त पाहुण्यासारखे उंबऱ्यावर थांबते,
आणि न हाक मारता परत जाते.

कायतानला विचारले, कधी बंद का करत नाहीस?
"बाय, दर्या बंद जाता?" म्हणाला,
आणि गळाला सुंगट लावत राहिला.

भरती चढत होती.
खाली मानशीची फळी पाण्याच्याच रेट्याने मिटली, ठप्प.
मी वही मिटली.
बदल जतन करायचे का, तिने विचारले.
हो म्हटले, थोडे घाईनेच.
निळी रेघ भरत गेली,
आठ महिन्यांची ये-जा चार मिनिटांत.

एकेचाळिसावी बघायला गेले, तर ती नव्हतीच.
वही उघडी आहे एवढेच सांगायला
यंत्राने पाडलेली सावली होती ती,
नावाआधी एक बारीकशी लाट काढलेली.
वही मिटली तशी विरून गेली.
इकडे सहा हजार दोनशे सात, तिकडेही तेवढ्याच.
हिशेब जुळला तो एक हरवून.

पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावला:
जेवायला जाताना वही मिटावी.
उद्या कायतान येईल, चष्मा पुसेल,
कागद वाचेल किंवा वाचणार नाही.
वही उघडेल,
आणि कुणाला न दिसता
ती लाट पुन्हा नावापुढे येऊन उभी राहील.